खेळाचा संगणक जुळवताना

आपल्या घरी स्वतःच्या हाताने जुळवलेला एक दणकट संगणक असावा आणि त्याच्यावर नवेनवे खेळ झरझर चालावेत, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. सुटे भाग आणून संगणक जुळवणे फारसे अवघड नाही. एक स्क्रूड्रायव्हर, थोडा धीर आणि सुटीची एक दुपार एवढ्यावर ते काम होते. अवघड आहे ती त्याआधीची पायरी. कोणते भाग घ्यायचे, हे ठरवायचे कसे?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा किंवा आपल्या गावातल्या दुकानात जा. तुमच्यापुढे आकड्यांचा ढीग पडतो. इतके गिगाहर्ट्‌झ, इतके जीबी, इतके वॉट! मोठा आकडा तो चांगला भाग, अशी समजूत करून घेतली की फसगत ठरलेली. आईवडिलांनी महिनोन्‌महिने बाजूला टाकलेले पैसे खर्च होतात, एखादा भाग फार भारीतला येतो, आणि खेळ मात्र अडखळतच चालतो. असे का होते, हे समजायला नववी-दहावीचे भौतिकशास्त्र आणि साधा गुणाकार-भागाकार पुरेसा आहे. बाजारातील नावे दर वर्षी बदलतात. निवडीची रीत बदलत नाही. ती रीत आपण पाहू या.

सुटे भाग एकमेकांत बसतात कसे?

प्रोसेसर एका कंपनीचा, मदरबोर्ड दुसरीचा, ग्राफिक्स कार्ड तिसरीचे. तरी सगळे एकमेकांत नीट बसतात. हे आपोआप घडलेले नाही. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला पर्सनल काँप्युटर बाजारात आणला. त्याच्या मुख्य पाटीवर जादा कार्डे बसवण्यासाठी पाच खाचा होत्या आणि त्यांची तांत्रिक माहिती कंपनीने प्रसिद्ध केली होती. त्यामुळे त्या खाचांत बसणारी कार्डे इतरांनाही तयार करता आली. पुढे १९९५ मध्ये इंटेल कंपनीने एटीएक्स हे प्रमाण मांडले. मदरबोर्डची लांबी-रुंदी किती, स्क्रूची भोके कोठे, विजेची जोडणी कशी, हे सारे त्यात ठरवून दिलेले आहे. अशा सर्वमान्य मापांमुळेच आज तुम्ही घरी बसून संगणक जुळवू शकता.

निवड पडद्यापासून करा

खेळ आणि भौतिकशास्त्र यांचे नाते जुने आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने, प्रयोगशाळा पाहायला येणाऱ्या लोकांच्या करमणुकीसाठी, दोलनदर्शकाच्या पडद्यावर टेनिसचा खेळ दाखवला होता. चेंडू म्हणजे प्रकाशाचा एक सरकता ठिपका. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे चित्रबिंदू असतात. म्हणजे एका चित्रासाठी २०,७३,६०० ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो!

शिवाय चित्र एकच नसते. सिनेमाप्रमाणे स्थिर चित्रे एकामागून एक दाखवली, की आपल्याला हालचालीचा भास होतो. साधा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. याचाच अर्थ, प्रत्येक चित्र तयार करायला संगणकाला १००० ÷ ६० म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्‌झचा पडदा असेल तर जेमतेम ६.९ मिलिसेकंद. हा वेळ हेच आपले खरे अंदाजपत्रक. पुढचा सगळा हिशेब त्याच्यावर चालतो.

पडदा मोठ्या विभेदनाचा घेतला तर काय होते? ३८४० गुणिले २१६० चा पडदा घ्या. बिंदू झाले ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. वेळ तेवढाच, काम मात्र चौपट. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता प्रोसेसर?’ हा नसून ‘कोणता पडदा?’ हा आहे. घरात ६० हर्ट्‌झचा पडदा असेल आणि तोच वापरायचा असेल, तर सेकंदाला २०० चित्रे काढणारे कार्ड आणून काय साधणार? पडद्यावर उमटणार ६० च.

एक आचारी आणि हजार हात

आता चित्र तयार करणाऱ्या दोन कामगारांची ओळख करून घेऊ. एक प्रोसेसर आणि दुसरे ग्राफिक्स कार्ड. दोघेही गणितच करतात, मग दोन कशाला?

लग्नघरचा स्वयंपाक आठवा. आमटीचे काम क्रमाने चालते. आधी डाळ शिजवायची, मग फोडणी, मग पाणी, मग मीठ. तिथे दहा जण एकदम लावले म्हणून आमटी दसपट लवकर होत नाही. एक हुशार आचारीच पाहिजे. पण हजार पुऱ्या लाटायच्या असतील तर? प्रत्येक पुरी स्वतंत्र. जितके हात जास्त, तितके काम लवकर.

प्रोसेसर हा आचारी आहे. तुम्ही कोणती कळ दाबली, चेंडू कोठे गेला, समोरची मोटार कशाला आदळली, या एकावर एक अवलंबून असलेल्या गोष्टी तो क्रमाने सोडवतो आणि ‘आता हे चित्र काढा’ असा हुकूम देतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पुऱ्या लाटणारे हजारो हात. वीस लाख बिंदूंचे रंग बरेचसे एकमेकांपासून स्वतंत्रपणे काढता येतात, म्हणून ते काम वाटून देता येते. उदाहरणच द्यायचे तर, २०२३ मध्ये बाजारात आलेल्या एएमडीच्या रायझन ५ ७६०० या प्रोसेसरमध्ये फक्त ६ गाभे आहेत. त्याच वर्षी आलेल्या एनव्हीडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात ३०७२ लहान गणक-घटक आहेत. गाभे थोडे पण चपळ, आणि घटक साधे पण पुष्कळ, असा हा फरक आहे. पुढील हिशेबांसाठी आपण हीच जोडी उदाहरण म्हणून घेऊ.

सर्वांत संथ दुवा कोणता?

प्रोसेसर एका चित्राची तयारी संपवून ते कार्डाकडे सोपवतो आणि लगेच पुढच्या चित्राला लागतो. दुष्काळात विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून हातोहात घागरी पोचवतात, तसाच हा प्रकार. घागरी किती वेगाने पोचतील? रांगेतला सर्वांत संथ माणूस ठरवील तेवढ्या वेगाने. त्याच्या दोन्ही बाजूंना पहिलवान उभे केले तरी उपयोग नाही.

समजा, एका खेळात प्रोसेसरला प्रत्येक चित्रासाठी ८ मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला २० मिलिसेकंद. मग दर २० मिलिसेकंदांना एक चित्र बाहेर पडेल. सेकंदाला ५० चित्रे. आता प्रोसेसर बदलून दुप्पट वेगाचा आणला. त्याचे काम ४ मिलिसेकंदांत झाले. चित्रे किती? पुन्हा ५० च! तेच पैसे कार्डावर खर्च करून त्याचा वेळ १० मिलिसेकंदांवर आणला असता, तर चित्रे १०० झाली असती. पण कार्ड आणखी भारी घेऊन वेळ ५ मिलिसेकंदांवर आणलात, तर चित्रे २०० होणार नाहीत. आता प्रोसेसरचे ८ मिलिसेकंद आडवे येतील आणि गाडी १२५ वर थांबेल.

या लेखातील मुख्य मुद्दा हाच आहे. एकटा भाग चांगला की वाईट हे ठरत नाही. इतर भागांच्या संगतीत तो कसा आहे, हे पाहावे लागते. सगळे पैसे एकाच भागात ओतू नका. मारामारीच्या किंवा शर्यतीच्या देखण्या खेळांत बहुधा कार्डावर जास्त ताण येतो. शेकडो माणसांचे शहर किंवा सैन्य सांभाळण्याच्या खेळांत प्रोसेसरवर. तुम्ही काय खेळणार, यावर वाटणी ठरवा.

स्मृती आणि साठवण

रॅम ही संगणकाची कामाची जागा. ती अपुरी पडली तर संगणक सारखा साठवणीकडे धावतो आणि खेळ अडखळतो. पण पुरेशी झाल्यावर आणखी वाढवून वेग वाढत नाही. जेवणाचे ताट पुरेसे मोठे असले म्हणजे झाले; ते दुप्पट केले म्हणून जेवण लवकर होत नाही.

इथे एक गोष्ट मात्र पुष्कळ जण विसरतात. डीडीआर५-५२०० प्रकारची एक पट्टी सेकंदाला ५२० कोटी वेळा, दर वेळी ८ बाइट माहिती देऊ शकते. गुणाकार केला तर ४१.६ जीबी होतात. दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की दोन्ही वाटांनी माहिती वाहते आणि आकडा ८३.२ होतो. म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेणे खेळासाठी चांगले. कोणत्या दोन खाचा, ते मदरबोर्डच्या माहितीपुस्तकात दिलेले असते.

ग्राफिक्स कार्डाची स्मृती वेगळी असते. आरटीएक्स ४०६० मध्ये ती ८ जीबी आहे आणि तिच्यातून सेकंदाला २७२ जीबी माहिती वाहू शकते. दगड, झाडे, कपडे यांचे तपशील तिथे ठेवलेले असतात. ते ८ जीबीत मावले नाहीत, तर उरलेले मदरबोर्डवरच्या वाटेने रॅममधून आणावे लागतात, आणि या कार्डासाठी त्या वाटेचा वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी आहे. म्हणजे सतरापट कमी! खेळ मधूनच गचके खातो, त्याचे हे एक कारण. कार्ड निवडताना त्याच्या गणनाशक्तीबरोबर ही स्मृतीही पाहा.

साठवणीसाठी हार्ड डिस्क की एसएसडी? मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा जातो. त्यात डोके सरकण्याचा वेळ मिळवला की दहा-बारा मिलिसेकंद झाले. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसल्यामुळे हेच काम मिलिसेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात होते. खेळ सुरू व्हायला लागणारा वेळ तिच्यामुळे खूप घटतो. मात्र सेकंदाला किती चित्रे निघतील, ते प्रामुख्याने प्रोसेसर आणि कार्डच ठरवतात. तेव्हा एसएसडी जरूर घ्या, पण सर्वांत महागड्या एसएसडीसाठी कार्डाचे पैसे कमी करू नका.

विजेचा हिशेब

पैसे कमी पडले की पहिली कात्री बहुधा एसएमपीएसवर चालते. तो खेळात दिसत नाही ना! पण घरातल्या २३० व्होल्टच्या विजेतून १२ व्होल्टची स्थिर वीज सर्व भागांना हाच देतो. तो बिघडला तर इतर भागांनाही घेऊन जाऊ शकतो.

किती वॉटचा घ्यावा? बेरीज करा. आपल्या उदाहरणातील प्रोसेसर जास्तीत जास्त सुमारे ८८ वॉट घेतो, कार्ड ११५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे मिळून साधारण ५७ धरू. एकूण २६० वॉट. कार्डाची वीज क्षणभर उसळी घेते, आणि पुढेमागे भारी कार्ड घ्यावेसे वाटेल, म्हणून सुमारे दुप्पट, म्हणजे ५०० ते ५५० वॉटचा, चांगल्या कंपनीचा एसएमपीएस पुरेसा होतो. निकृष्ट ८५० वॉटपेक्षा प्रामाणिक ५५० वॉट केव्हाही बरा.

एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून २६० ÷ ०.८५ म्हणजे सुमारे ३०६ वॉट घेतले जातील. जादा ४६ वॉटची उष्णता तिथेच होणार. रोज तीन तास पूर्ण जोरात खेळलात, तर जवळजवळ ०.९ युनिट, महिन्याला २७ युनिट. पडद्याची वीज वेगळी. हा आकडा घरी आधीच सांगून ठेवलेला बरा.

आणखी एक. शक्ती = विभवांतर × प्रवाह. त्यामुळे ११५ वॉटच्या कार्डाला १२ व्होल्टवर सुमारे ९.६ अँपियर प्रवाह लागतो. जोडणी सैल राहिली, तर तिथला रोध वाढतो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून विजेचा प्रत्येक प्लग पूर्ण आत बसला आहे, याची खात्री करा. वीज सारखी जात असेल तर यूपीएस घ्या. पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हेत. अशा लहान यूपीएसची खरी क्षमता पुष्कळदा ३६० वॉटच्या आसपास असते.

आपला उन्हाळा विसरू नका

संगणक कोणतेही ओझे उचलत नाही. त्याने घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे खेळत असताना तुमच्या खोलीत ३०० वॉटची शेगडी पेटलेली असते!

प्रोसेसरवर बसवलेल्या शीतकाचा उष्णतारोध वॉटला ०.५ अंश सेल्सिअस आहे असे समजा. ८८ वॉटला प्रोसेसर भोवतालच्या हवेपेक्षा ४४ अंशांनी तापेल. खोली २५ अंशांवर असेल तर ६९, ठीक. मे महिन्यात अकोल्याला किंवा नागपूरला दुपारी खोलीच ४० वर गेली तर ८४. त्यात कॅबिनेटला पुढून काचेची बंद भिंत असेल आणि आतली हवा आणखी १२ अंशांनी तापली, तर ९६. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचताच तो स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. भारी किमतीचा वेग उन्हात विरघळून गेला!

म्हणून कॅबिनेट रंगीत दिव्यांवरून निवडू नका, जाळी पाहून निवडा. एक लिटर हवा एक अंशाने तापायला सुमारे १.२ ज्यूल लागतात. आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून जास्त तापू नये असे वाटत असेल, तर २६० ÷ १२, म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लिटर हवा आरपार गेली पाहिजे. पुढून हवा आत घेणारा आणि मागून बाहेर टाकणारा, असे निदान दोन पंखे हवेत. जाळीवरची धूळ महिन्या-दोन महिन्यांनी झाडा.

प्रोसेसर आणि शीतक यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर द्यायचा असतो. वरकरणी गुळगुळीत दिसणाऱ्या धातूंमध्येही सूक्ष्म फटी राहतात. त्यांतील हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे. पेस्ट तिच्या शंभरपटीहून चांगली. पण तांब्याच्या मानाने पेस्टही मंदच. तेव्हा फटी भरण्यापुरतीच लावा, लिंपू नका.

सुरक्षितता

कॅबिनेटला हात लागताच झिणझिण्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांत ऐकू येते. एसएमपीएसमध्ये विद्युत्‌गोंगाट गाळण्यासाठी लहान धारित्रे असतात आणि ती कॅबिनेटला जोडलेली असतात. अर्थिंग तुटलेले असेल, तर कॅबिनेट जमिनीच्या मानाने सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. प्रवाह फार थोडा असतो, पण घरचे अर्थिंग नाही याचा तो स्पष्ट इशारा आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवू नका. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नका. २३० व्होल्टच्या विजेचे शिखर ३२५ व्होल्ट असते आणि प्लग काढल्यावरही आतील धारित्रांत तो भार काही वेळ राहू शकतो.

जुळणी करताना स्थिर विद्युतही सांभाळा. कोरड्या हवेत अंगावर जमलेला भार आपल्याला जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टच्या पुढे. सूक्ष्म मंडले त्याच्या पुष्कळ आधीच जायबंदी होऊ शकतात. दर वेळी आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, मगच भाग हातात घ्या.

पैसे देण्यापूर्वी

यादी तयार झाली की एवढे पडताळून पाहा. प्रोसेसर आणि मदरबोर्डचा सॉकेट एकच आहे ना? रॅम त्याच पिढीची आहे ना? डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८ संपर्क असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. एक दुसरीच्या जागी बसत नाही. कार्डाची लांबी आणि शीतकाची उंची कॅबिनेटमध्ये मावते ना? कार्डाला लागणारा विजेचा प्लग एसएमपीएसला आहे ना? इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असेल, तर त्यात स्वतःचे चित्रमंडल नसते. कार्डाशिवाय पडदा उजळणार नाही. पक्के बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. जुळणी झाल्यावर पडद्याची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावा; नाहीतर कार्ड रिकामेच बसून राहील.

एक प्रयोग

घरी, मित्राकडे किंवा शाळेच्या प्रयोगशाळेत संगणक असेल, तर खरेदीच्या आधीच हा प्रयोग करा. सेकंदाला किती चित्रे निघतात ते दाखवण्याची सोय पुष्कळ खेळांत असते. आधी चित्रांची संख्या पडद्याच्या हर्ट्‌झशी बांधून ठेवणारी सोय बंद करा. मग खेळातील एकाच जागी उभे राहून संख्या नोंदवा. आता बाकी काही न बदलता फक्त विभेदन १९२० गुणिले १०८० वरून १२८० गुणिले ७२० वर आणा. बिंदू २०,७३,६०० वरून ९,२१,६०० झाले, म्हणजे निम्म्याहून कमी. चित्रांची संख्या चांगली वाढली, तर संथ दुवा चित्र काढणारा भाग आहे. संख्या जवळजवळ तेवढीच राहिली, तर तो प्रोसेसर आहे. शिक्षकांनी वर्गात दोन-तीन खेळ घेऊन याचा तक्ता करून घेण्यासारखा आहे.

तो तक्ता हातात घेऊन दुकानात जा. दुकानदार मोठा आकडा दाखवील, तेव्हा त्याला एवढेच विचारा : ‘याने माझ्या चित्राचे किती मिलिसेकंद वाचतील?’